विवाहवेदीपूर्वीचा विवेक : जोडीदाराची निवड आणि सोबत्यांची पारख

नाताळचा सण उरकला की धर्मग्रामाच्या कार्यालयात लग्नाच्या तारखा मागणाऱ्यांची रीघ लागते. राखेच्या बुधवारापूर्वी एक हंगाम, पुनरुत्थान सणानंतर दुसरा. दोन्ही घरची वडीलधारी मंडळी येतात, आणि पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : “फादर, हॉल मिळाला आहे. त्या दिवशी चर्च मोकळे आहे ना?” हॉल, जेवणाचा ठेका, बँड, व्हिडिओ शूटिंग हे सारे ठरल्यावर धर्मगुरूची पाळी येते. यात आम्हांस मानापमान वाटत नाही. चिंता वाटते ती वेगळ्याच कारणाने. ख्रिस्तसभा आपला पहिला प्रश्न विचारते तेव्हा उत्तराची आगाऊ रक्कम अगोदरच भरून झालेली असते.

विवाह आणि मैत्री हे दोन्ही विषय सध्या जागतिक ख्रिस्तसभेत अग्रभागी आहेत. २०२५ च्या ज्युबिली वर्षात १ जून रोजी रोममध्ये कुटुंबांचा सोहळा झाला. त्या वेळी पोप लिओ चौदावे यांनी लुई व झेली मार्टिन, लुईजी व मारिया बेल्त्रामे क्वात्रोकी आणि पोलंडमधील उल्मा कुटुंब यांचा आदर्श सर्वांपुढे ठेवला. २ ऑगस्टच्या रात्री रोमच्या तोर व्हेर्गाता येथील मैदानावर लाखो तरुण-तरुणी जागरण-प्रार्थनेसाठी जमले होते. तेथे त्यांनी पोपमहोदयांना विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी एक होता खऱ्या मैत्रीविषयी आणि दुसरा होता निवड करण्याच्या धैर्याविषयी. पुढे नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने एकपत्नीत्व-एकपतित्वाचे मोल सांगणारे ‘ऊना कारो’, म्हणजे ‘एकदेह’, हे टिपण प्रसिद्ध केले. कोणाशी मैत्री करावी आणि कोणाला आयुष्य द्यावे, हे आजच्या तरुणांचे खरे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वसई, नाशिक, पुणे येथील आपल्या मराठी भाषक धर्मग्रामांत कशी शोधली जातात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चौकशी कशाची?

आपल्याकडे स्थळाची चौकशी कसून होते, यात शंका नाही. घर स्वतःचे की भाड्याचे, जमिनीत हिस्सेदार किती, नोकरी कायम आहे की कंत्राटी, मुलगा आखातात आहे की जहाजावर, कॅनडाची कागदपत्रे झाली आहेत काय, मुलीचा रंग, उंची, शिक्षण. पूर्वी ही माहिती मध्यस्थ मामा किंवा आत्या आणीत. आता ती विवाहविषयक संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ‘बायोडाटा’मध्ये मिळते. साधन बदलले, प्रश्न मात्र तेच राहिले. या माणसाला राग आला म्हणजे तो काय करतो? त्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे आणि ते कशासाठी काढले? तो आठवड्यातून किती वेळा पितो? ती आपल्या आजारी आजीशी कशी बोलते? दोघांच्या जीवनात रविवारच्या मिस्साबलीला आणि प्रार्थनेला स्थान आहे काय? हे प्रश्न विचारणे आपल्याला अप्रशस्त वाटते, आणि पुढील चाळीस वर्षांचा संसार नेमका याच उत्तरांवर उभा राहावयाचा असतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्याहून अधिक व्यवहारी आहे. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी वधू शोधावयास निघतो. विहिरीपाशी थांबून तो देवाकडे एकच खूण मागतो : जी मुलगी आपल्याला पाणी देईल आणि न सांगता उंटांनाही पाजील, तीच ही असो. दहा उंट होते, प्रवासाने तहानलेले. त्यांना पाणी पाजणे म्हणजे पायऱ्या उतरून घागर भरण्याचे किती कष्ट, हे पाणी वाहिलेल्या घरांस सांगावयास नको. रिबकेचे रूप त्या सेवकाने पाहिले. परंतु त्याने पारख केली ती अनोळखी माणसाशी आणि मुक्या जनावरांशी ती कशी वागते याची. त्याच अध्यायाच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे, जी आपण वाचून पुढे जातो. बोलणी झाल्यावर तिच्या घरची माणसे तिला बोलावून विचारतात : तू या माणसाबरोबर जातेस काय? त्या प्राचीन काळीही तिच्या होकाराशिवाय प्रवास सुरू झाला नाही.

परदेशी नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना तीन-चार आठवड्यांची रजा मिळते. त्यातच मुली पाहणे, पसंती, साखरपुडा आणि कधी कधी लग्नही उरकले जाते. उरलेला परिचय व्हिडिओ कॉलवर होतो. त्या पडद्यावर माणूस नेहमी आंघोळ करून, केस विंचरूनच बसलेला असतो. केवळ दिवस मोजून परिचय होत नाही, हेही खरे. लुई आणि झेली मार्टिन १८५८ च्या एप्रिल महिन्यात फ्रान्समधील आलेन्सों येथे एका पुलावर भेटले आणि १३ जुलैला विवाहबद्ध झाले. परिचय जेमतेम तीन महिन्यांचा. परंतु घड्याळजी लुई आणि लेस विणण्याचा व्यवसाय करणारी झेली या दोघांनीही त्यापूर्वी संन्यस्त जीवनाची वाट चोखाळून पाहिली होती आणि आपल्याला काय हवे हे दोघेही जाणून होते. त्यांची नऊ अपत्ये, त्यांतील चार बालपणीच दगावली. उरलेल्या पाच मुलींत एक संत तेरेजा. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी त्या दांपत्यास संतपद मिळाले. ज्यांचा स्वतःचाच स्वतःशी परिचय झालेला नाही, त्यांना मात्र तीन महिने पुरत नाहीत.

रगुएलचा प्रामाणिकपणा

जुन्या करारातील तोबितचा ग्रंथ आपल्या विवाहविधीत वाचला जातो, पण बहुधा शेवटची प्रार्थना तेवढी. संपूर्ण कथा वाचल्यास ती निवडीचीच कथा आहे, असे आढळते. वृद्ध, आंधळा तोबित आपल्या मुलाला, तोबियासला, दूरच्या मेदी प्रांतात ठेव आणावयास पाठवितो. वाटेसाठी एक सोबती मिळतो. तोबित त्याला सरळ विचारतो : तू कोणाचा, कोणत्या घराण्यातला? मुलगा कोणाच्या संगतीने चालणार आहे, हे बापाला ठाऊक हवे होते. तो सोबती म्हणजे राफाएल देवदूत, हे त्याला नंतर कळते.

पुढे रगुएलच्या घरी सारा हिला मागणी घातली जाते. तिचे सात पती लग्नाच्या रात्रीच मरण पावले होते. रगुएल हे लपवू शकला असता. मुलगी एकुलती एक, स्थळ उत्तम, आप्तातले. परंतु जेवणाला हात लागण्यापूर्वीच तो तोबियासला सारे सत्य सांगून टाकतो. आजच्या भाषेत सांगावयाचे तर त्याने ‘पत्रिका छापल्यावर बघू’ असे म्हटले नाही. तोबियासने ते ऐकले आणि ऐकूनही साराचा स्वीकार केला. सत्य सांगितल्याने लग्न मोडतेच असे नाही. सत्य ऐकून दिलेला होकार मात्र पक्का असतो.

आपल्यात मानसिक आजार, पूर्वीचे व्यसन, कर्ज, पूर्वीचा नोंदणी विवाह, अपत्यहीनतेचे ज्ञात कारण या गोष्टी झाकून ठेवण्याकडे कल असतो. ‘लग्न झाले की सुधारेल’ हे वाक्य आम्ही इतक्या आयांच्या तोंडून ऐकले आहे की त्याची मोजदाद नाही. विवाह हा संस्कार आहे, औषध नव्हे. धर्मशास्त्र संहितेचा (१९८३) १०९८ वा नियम स्पष्ट आहे : संमती मिळवण्यासाठी जाणीवपूर्वक फसवणूक केली आणि ती वैवाहिक सहजीवनात गंभीर अडथळा आणणाऱ्या गुणाविषयी असली, तर तो विवाह मुळातच अवैध ठरतो. ज्या नात्याला आपण पवित्र म्हणतो त्याच्या पायात खोटेपणा घालण्याचा अधिकार आईबापांनाही नाही.

सल्ला कोणाचा?

जोडीदाराची निवड माणूस एकट्याने करीत नाही. त्याच्या कानाशी कोण बोलते, यावर ती ठरते. राजांच्या पहिल्या ग्रंथात शलमोनाचा पुत्र रहबाम याच्यापुढे लोक गाऱ्हाणे घेऊन येतात. वडीलधाऱ्यांनी त्याला सौम्यपणे वागण्याचा सल्ला दिला. त्याने तो बाजूला सारला आणि आपल्याबरोबर वाढलेल्या सवंगड्यांचे ऐकले, कारण ते त्याला आवडेल तेच बोलत होते. परिणामी दहा वंश त्याला सोडून गेले. सवंगडी तरुण होते एवढाच त्यांचा दोष नव्हता. रहबामाच्या भल्यापेक्षा त्याची मर्जी त्यांना प्रिय होती.

सिराखच्या ग्रंथाचा सहावा अध्याय तर मैत्रीची पाठशाळाच आहे. मित्र करावयाचा तर पारखून करावा, घाईने विश्वास टाकू नये, कारण पंगतीला हजर असणारा संकटाच्या दिवशी गैरहजर असू शकतो, असा त्याचा आशय आहे. आपल्या गावांत ही शिकवण केवळ तरुणांपुरती नाही. जमिनीच्या व्यवहारात, बांधकामाच्या भागीदारीत, टेम्पो-टँकरच्या धंद्यात ज्यांनी ‘आपलाच माणूस’ म्हणून कोऱ्या कागदावर सह्या केल्या त्यांची घरे आम्ही पाहिली आहेत. कर्जाला जामीन राहणे ही मैत्रीची परीक्षा आहे असे मानणारा मित्र हा मित्र नव्हे.

चांगली संगत कशी असते, याचे उदाहरण अगदी अलीकडे ख्रिस्तसभेने वेदीवर ठेवले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लो अकुतिस यांच्यासमवेत संत घोषित झालेले पियेर जॉर्जो फ्रासाती (१९०१–१९२५) हे तुरीनचे विद्यार्थी होते. १९२४ मध्ये त्यांनी मित्रमैत्रिणींचे एक मंडळ काढले आणि त्याला गमतीने ‘संशयास्पद मंडळी’ अशा अर्थाचे इटालियन नाव दिले. ही मुले डोंगर चढत, एकमेकांच्या खोड्या काढीत आणि एकमेकांसाठी प्रार्थना करीत. फ्रासाती संत व्हिन्सेंट डी पॉल संघातून गरिबांच्या घरी जात. हा संघ आपल्या अनेक धर्मग्रामांत आजही आहे, मात्र त्याच्या बैठकीस तरुण चेहरे विरळाच दिसतात. मैत्रीत आनंद आणि भक्ती एकाच दोरीने बांधता येतात, हे त्या चोवीस वर्षांच्या आयुष्याने दाखविले.

आपली मुले बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममातेच्या हाती सोपविली जातात आणि विवाहाच्या वेळी दोन साक्षीदारांच्या साक्षीने उभी राहतात. हे केवळ फोटोपुरते मान नव्हेत. निर्णयाच्या क्षणी तरुणाला ‘थांब, विचार कर’ असे म्हणू शकणारी ही माणसे असावीत, हाच त्यामागचा हेतू.

अन्यधर्मीयाशी विवाह

कॉलेज, कार्यालय आणि लोकलचा डबा यांत आपली मुले सर्व धर्मांच्या तरुणांबरोबर वाढतात. त्यामुळे अन्यधर्मीयाशी विवाहाचे प्रसंग वाढणार, हे उघड आहे. त्याकडे कुत्सितपणे पाहणे अख्रिस्ती आहे. तसेच ‘प्रेम असले की बाकी सारे जुळते’ असे म्हणून मोकळे होणेही बेजबाबदारपणाचे आहे. ख्रिस्तसभा बिशपांच्या सवलतीने असे विवाह होऊ देते. कॅथलिक व्यक्तीने स्वतःची श्रद्धा टिकविण्याचे आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी आपल्या परीने सर्व प्रयत्न करण्याचे वचन द्यावयाचे असते, आणि समोरच्या व्यक्तीस त्याची पूर्ण कल्पना दिलेली असावी लागते. म्हणजे येथेही मुद्दा सत्याचाच आहे. मुलांचे नामकरण, सणवार, सासरचे कुलाचार, मृत्यूनंतरचे संस्कार हे प्रश्न साखरपुड्यापूर्वी बोलावयाचे असतात. पहिल्या मुलाच्या बारशाच्या दिवशी नव्हे.

‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य

आता आम्ही या लेखाच्या गाभ्याकडे येतो, आणि तो आमच्याच एका चुकीने सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात सेवा करीत असताना एक तरुणी संध्याकाळी कार्यालयात आली. लग्नाला नऊ दिवस उरले होते. होणाऱ्या नवऱ्याने दारू पिऊन तिच्यावर हात उगारला होता. आईला सांगितले तर आई म्हणाली, “पत्रिका वाटून झाल्या, आता लोक काय म्हणतील?” आम्ही तिचे ऐकून घेतले, मुलाला समजावण्याचे आश्वासन दिले, प्रार्थना कर असे सांगितले आणि तिला घरी पाठविले. मुलाला बोलावले, त्याने क्षमा मागितली, आमचे समाधान झाले. ठरल्या दिवशी लग्नही आम्हीच लावले. चौदा महिन्यांनी ती हात मोडलेल्या अवस्थेत, कडेवर तान्हे मूल घेऊन माहेरी परतली. त्या संध्याकाळी तिला आमच्याकडून एकच वाक्य ऐकावयाचे होते : ‘मुली, तू अजून मोकळी आहेस.’ ते आम्ही उच्चारले नाही.

हे वाक्य उच्चारावयास ख्रिस्तसभेची कधीच मनाई नव्हती. धर्मशास्त्र संहितेचा १०६२ वा नियम सांगतो की, विवाहाच्या वचनावरून कोणालाही विवाह करावयास भाग पाडता येत नाही. नुकसानभरपाईचा प्रश्न असल्यास तो वेगळा सोडवावा. १०५७ व्या नियमानुसार विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने, आणि ती संमती अन्य कोणतीही मानवी सत्ता त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. भीतीपोटी किंवा सक्तीने दिलेला होकार हा होकारच नव्हे, असे ११०३ वा नियम बजावतो. पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’ (२०१६) या पत्राच्या २०९ व्या परिच्छेदात तर स्पष्टच म्हटले आहे की, विवाहपूर्व तयारीने तरुणांना धोके ओळखण्यास मदत करावी आणि जे नाते पुढे दुःखात कोसळणार हे दिसत आहे ते वेळीच थांबविण्यातील शहाणपणही त्यांना उमगावे. वेदीवरून होणाऱ्या विवाहघोषणेचा हेतूही हाच. विवाहात बाधा ठरणारी गोष्ट ज्यास ठाऊक आहे त्याने ती धर्मगुरूस कळविली पाहिजे, असा सर्व भाविकांवर नियम आहे. आपण ती घोषणा अभिनंदनासारखी ऐकतो आणि बाहेर पडल्यावर अंगणात मात्र जे कुजबुजतो ते आत सांगत नाही.

मोडलेल्या साखरपुड्याचे दुःख मोठे असते. पण आपला समाज त्यावर लाजेचे ओझे लादतो, आणि ते अधिककरून मुलीच्या डोक्यावर. ‘हिचे एकदा मोडले आहे’ हा शेरा वर्षानुवर्षे तिच्या मागे फिरतो. हाच शेरा अनेकींना नको त्या वेदीपर्यंत ढकलत नेतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे नोंदले आहे. हा आकडा सर्व धर्मीयांचा आहे, परंतु आमची घरे त्यातून वगळलेली आहेत असे समजण्यास कोणताही आधार नाही. हॉलची अनामत रक्कम बुडाली तर ती कमावता येते.

नंतरचा मार्ग

निवड चुकली आणि संसार मोडला, तर पुढे काय? धर्मप्रांताच्या न्यायमंडळापुढे जे अर्ज येतात त्यांत विवाहसमयी निर्णयक्षमतेचा गंभीर अभाव होता काय (नियम १०९५), फसवणूक झाली काय, दबाव होता काय, हेच तपासले जाते. म्हणजे खटला नंतर चालतो, पण शोध लग्नाआधीच्या दिवसांचाच घेतला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी केली आणि दुसऱ्या न्यायमंडळाच्या अनुकूल निकालाची सक्ती काढून टाकली. तरीही ती वेदनादायकच राहते. शिवाय चर्चमधील आपला विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली नोंदलेला असतो. न्यायमंडळाच्या निर्णयाने नागरी विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. दिवाणी न्यायालयाचे दारही वेगळे ठोठवावे लागते. दोन दारे, दोन वकील, वर्षांमागून वर्षे. ज्या प्रश्नांना साखरपुड्याआधी एक संध्याकाळ पुरली असती, त्यांची उत्तरे मग साक्षीपुराव्यांतून काढावी लागतात.

काय करता येईल?

२०२२ मध्ये व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक विभागाने विवाहासाठी दीक्षार्थींप्रमाणे टप्प्याटप्प्याची तयारी सुचविली. तिचा आरंभ बालपणापासून व्हावा आणि विवाहानंतरच्या पहिल्या वर्षांतही सोबत मिळावी, अशी ही कल्पना आहे. तयारी वरवरची राहिली तर विवाहच अवैध ठरण्याचा धोका संभवतो, अशी खंत पोप फ्रान्सिस यांनी त्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत व्यक्त केली होती. आपली दोन-तीन दिवसांची शिबिरे उपयुक्त आहेत, पण तोपर्यंत लग्नाची साडी घेऊन झालेली असते.

म्हणून आमची तरुणांना विनंती आहे की, हॉलच्या आधी धर्मगुरूंकडे या, निदान सहा महिने आधी या, आणि शक्य तर साखरपुड्याच्याही आधी या. एकमेकांना एकमेकांच्या घरी, आजाऱ्याच्या खाटेपाशी आणि पैशाच्या चणचणीत पाहा. ज्या मित्रापुढे तुम्हांस होणाऱ्या जोडीदाराविषयी खोटे बोलावे लागते, त्याच्याविषयी आणि त्या नात्याविषयी, दोहोंविषयी पुन्हा विचार करा. आईवडिलांना आमचे सांगणे आहे की, रगुएलचे सातवे प्रकरण एकदा वाचा. मुलीला रिबकेप्रमाणे विचारा, आणि तिचे उत्तर ‘नाही’ असले तर तिच्या पाठीशी उभे राहा. हुंडा, मग त्याला ‘घरासाठी मदत’ म्हणा किंवा ‘गाडी’ म्हणा, १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि सुवार्तेच्या दृष्टीने पाप आहे. लहान ख्रिस्ती समूहांनी मोडलेल्या साखरपुड्याची चर्चा थांबवून त्या घरी जाऊन प्रार्थना म्हणावी. आणि आम्ही धर्मगुरूंनी वर व वधू यांच्याशी प्रत्येकी एकांतात बोलताना चौकशीपत्रकातील रकाने घाईघाईने भरू नयेत. समोरच्या डोळ्यांत काय आहे तेही पाहावे.

बारा प्रेषितांची निवड करण्यापूर्वी प्रभू येशूने डोंगरावर संपूर्ण रात्र प्रार्थनेत घालविली, असे संत लूक सांगतो. त्या बारांतही एक यहुदा निघाला. म्हणजे प्रार्थना ही अचूक निवडीची हमी नव्हे. निवडताना आपली नजर स्वार्थाने आंधळी होऊ नये, यासाठी ती आहे. तोबियास आणि सारा लग्नाच्या रात्री प्रथम उभे राहिले ते प्रार्थनेसाठी. त्यांच्यामागे सत्य सांगणारा सासरा होता, वाट दाखविणारा सोबती होता आणि जाणून घेऊन दिलेला होकार होता. येत्या हंगामात आपल्या वेदीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक जोडप्यास हे तिन्ही लाभोत. आणि ज्यांचे पाऊल अजून अडखळते आहे त्यांना, कितीही उशीर झाला असला तरी, ‘तू अजून मोकळी आहेस, तू अजून मोकळा आहेस’ असे सांगणारा एक तरी आवाज आपल्या धर्मग्रामात असो.